डावा पीळ

फेब्रुवारीत हीउमा बेटाभोवती
समुद्रसुद्धा हलत नाही.
लेइडाने यंत्र आणलं ते स्लेजवर,
दोन ब्लँकेटांत बांधून,
आजारी मेंढी आणावी तसं.

'गुणगुणतं,' ती म्हणाली, 'फिरत नाही.'
आणि मग, कुणी विचारलेलं नसताना,
'एन्देलच बघायचा याचं सगळं.
तो होता तोवर याला परका हात लागला नाही.'

मी मान डोलावली.
गोल पांढरं पिंप, मुलामा उडालेला तीन ठिकाणी,
वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ,
रशियन अक्षरांची पाटी, निम्मी घासून गेलेली.
माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठं.

बटण दाबलं.
हं,
असा एकच सूर,
घशात शब्द अडकलेल्या माणसासारखा.
पुली हाताने ढकलली: निघालं.
थांबवून पुन्हा दाबलं: पुन्हा हं.
म्हणजे मोटार जिवंत होती.
तिला पहिला धक्का देणारं कुणी उरलं नव्हतं.
(हे मी मोठ्याने बोललो नाही.
विधवेसमोर असली वाक्यं जपून वापरावीत.)

मागचा पत्रा काढला.
आठपैकी पाच स्क्रू मूळचे, दोन होडीचे, एक कपाटाचा.
आत करडी लोकर, साबणाच्या खपल्या, एक मेलेला कोळी.
पाणी गळू नये म्हणून
गमबुटाच्या टाचेतून कापलेलं वॉशर,
कड इतकी गोल
की मी मधोमध कंपासचं भोक शोधलं.
नव्हतं.

मग ती वायर,
पहिल्या धक्क्याची.
कधीतरी मधेच तुटलेली, जोडलेली,
जोडावर तागाचा दोरा, दोऱ्यावर मेण,
फाटलं जाळं सांधताना मारतात तसली गाठ.
आणि तांब्याला पीळ उलटा.
डावखुऱ्याचा.

एन्देलला मी ओळखत होतो.
बंदरावरच्या वर्कशॉपात सहा वर्षं एकाच बाकावर.
डाव्या हाताची तीन बोटं त्याने
मला भेटायच्या आधीच करवतीला देऊन टाकली होती.
उरलेल्या दोनांत तो सिगारेट धरायचा.
पक्कड नाही.

लेइडा खिडकीपाशी बसली होती,
हातमोजे न काढता.
मी म्हणालो, 'हा जोड चांगला आहे.'
'त्याचे हात सोन्याचे होते,'
ती बाहेरच्या बर्फाला म्हणाली.

मीटर लावला. जोड ठणठणीत.
गेलं होतं ते टोक,
कारखान्याने दिलेला डाख,
हिरवा पडून भुगा झालेला.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथे तर सुंभही शाबूत होता.

नियमाने सगळी वायर बदलायची.
नवी होती माझ्याकडे, मीटरभर, लाल.
तिच्यातून दोन इंच कापले.
राळेचा धूर डोळ्यांत गेला, तेवढं निमित्त पुरलं.
जुन्या पिळाला हात लावला नाही.

बटण.
हं, आणि मग
विनोद उशिरा कळलेल्या माणसासारखं
गरगर, गरगर, गरगर.
बादलीभर पाणी ओतलं, माझंच तेलकट फडकं टाकलं.
लेइडा उठून जवळ आली,
कान तिरपा केला.
'पट्टा ढिला आहे. अर्ध्या सुताने.'
आणि लगेच, 'एन्देल म्हणायचा.'

ढिला होता. अर्ध्या सुताने.

पावती फाडली, बारा युरोंची. 'इथे सही.'
तिने दातांनी मोजा ओढून काढला,
पेन उचललं
डाव्या हाताने.
जरा थांबली.
पेन उजवीकडे दिलं, आणि सावकाश,
शाळेत छडी खाऊन शिकलेल्या अक्षरांत
एन्देलचं आडनाव लिहिलं.

मी दोन युरो परत केले.
'पट्ट्याचं निदान माझं नव्हतं,' म्हणालो.
तिने माझ्याकडे बघितलं नाही.
पैसे मात्र मोजून घेतले.